सोनेरी कार्डवाल्यांचा उपास

जिने आयुष्यभर विमानाची तिकिटं लिहिली ती बाई निदान लंडनला तरी जाऊन आलेली असणार, असं लोक धरूनच चालतात. लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, मग इतक्यात कुठं जाऊन आलात? मी सांगते, मनमाडला, भाचीच्या मुलाच्या बारशाला. समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो जिलबीकडे वळतो.

नाशकात तेव्हा विमानाने हिंडणारी माणसं होती, पण त्यांचं विमान मुंबईला उभं असे. विमान तिकडे, प्रवासी इकडे आणि दोघांच्या मधे मी. आमचं ऑफिस मेन रोडजवळच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे मी फोनवर सिंगापूरची जागा मागत असताना मागे पितळी हंडे वाजत. मालक रुस्तमशेठ, देवळालीचे पारशी. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. बाकी स्टाफ म्हणजे मी एकटी, कांबळे बाई, बी.कॉम., नाशिकरोडच्या कॉलनीतली.

हल्लीच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण त्या काळी विमानाचं तिकीट म्हणजे चेकबुकासारखं पातळ पुस्तक असे. पानांच्या पाठीला लाल कार्बन. वरच्या पानावर बॉलपेन दाबून लिहायचं, म्हणजे खालच्या सगळ्या पानांवर उमटतं. पुढे मी ती लिहायला लागले आणि बोटं कायम लाल. शेजारणीला वाटायचं मी रोज मेंदी काढून घेते. नावातलं एक अक्षर चुकलं की अख्खं पुस्तक रद्द. कोऱ्या पुस्तकावर कुणीही काहीही लिहून जगभर हिंडू शकला असता, म्हणून विमान कंपन्या ती पुस्तकं मोजक्याच एजंटांच्या तिजोरीत ठेवायला देत. आमच्याकडेही तिजोरी होती. तिच्यात रुस्तमशेठ चिवडा ठेवत.

म्हणजे नाशिकच्या माणसाला दुबईला जायचं असेल तर आधी मी मुंबईला जायचं. सकाळच्या गाडीने निघायचं, फोर्टमधल्या विमान कंपनीच्या ऑफिसात तिकीट लिहून घ्यायचं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचं आणि संध्याकाळी परत. कसारा घाटातलं प्रत्येक झाड मला ओळखत असेल. गिऱ्हाइकंही एकेक नमुना होती. विंचूरचे भाऊसाहेब कांद्याचे व्यापारी. कांद्याचा नमुना सामानात टाकला तर सडतो म्हणून ते कोटाच्या दोन्ही खिशांत कांदे भरून दुबईला जात, आणि शेजारचा प्रवासी जागा बदलून मागतो याचं त्यांना नवल वाटे. द्राक्षवाले होते, सातपूरचे कारखानदार होते. पण सगळ्यांत जास्त उडणारा माणूस कोण, तर त्र्यंबकेश्वरचे गुरुजी. नैरोबी आणि लंडनमध्ये त्यांचे यजमान पसरले होते. कुणाची वास्तुशांत, कुणाची मुंज. गुरुजी धोतर-उपरण्यात, बगलेत दर्भाची जुडी घेऊन जायचे. परदेशी कस्टमवाले ते गवत हुंगून बघत आणि गुरुजी त्यांना गायत्री मंत्र ऐकवत.

सगळं छान होतं, फक्त धंदा बुडत होता. मुंबईच्या मोठ्या एजंटांनी नाशिकला थेट माणूस पाठवायला सुरुवात केली होती. रुस्तमशेठनी मला समोर बसवून सांगितलं की कंपनीने कोऱ्या तिकिटांचा साठा दिला तर हे काउंटर चालेल, नाही तर उन्हाळ्यापर्यंत कुलूप. मग तू एखाद्या शाळेत बघ, असंही म्हणाले. मला शाळेत बघायचं नव्हतं. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, धाकटा भाऊ शिकत होता, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर ती खुर्ची मला मनापासून आवडायची. आमच्या घराण्यात टेबलाच्या त्या बाजूला बसलेली मी पहिली.

त्याच सुमाराला कंपनीने सतत उडणाऱ्या प्रवाशांसाठी एक क्लब काढला. मानाचे प्रवासी, त्यांना सोनेरी कार्ड आणि शाही मेजवानी. मुंबईचे मॅनेजर परेरा साहेब स्वतः येणार, नाशिकची गिऱ्हाइकं डोळ्यांनी बघणार आणि मग साठ्याचं ठरवणार. मूळचे गोव्याचे, सूट असा की बसतानासुद्धा घडी मोडत नसे.

तारीख ठरवायला आम्ही तिघं बसलो. परेरा साहेबांनी जानेवारीतला एक मंगळवार काढला. रुस्तमशेठ म्हणाले चालेल. मी आग्रा रोडवरच्या नव्या हॉटेलला फोन लावला तर हॉल रिकामा. ऐन लग्नसराईत हॉल रिकामा कसा, हे आम्हाला सुचलं नाही, आम्ही ते नशीब समजलो. हॉटेलचा माणूस दोनदा म्हणाला, "मंगळवारी? नक्की ना, मॅडम?" मी म्हटलं, नक्की.

आता तिघांकडे बघा. एक ख्रिश्चन, एक पारशी आणि तिसरी मी, बौद्ध. माझ्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा घरातल्या देवांबरोबर भिंतीवरचं पंचांगही गेलं. आमच्याकडे कॅलेंडर होतं ते एका खताच्या कंपनीचं. त्यावर गाजराचं चित्र होतं, तिथी नव्हती. त्या टेबलापाशी चौथा कुणीही, अगदी खालचा भांडीवाला जरी बसला असता, तरी त्याने कपाळाला हात लावला असता. त्या मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती. एरवीची संकष्टी न करणारी माणसंही अंगारकीचा उपास धरतात आणि चंद्र उगवल्याशिवाय तो सोडत नाहीत.

मेजवानीचं सामान बर्फात घालून मुंबईहून आलं. पायांसकट मोठमोठे शेवंड, म्हणजे लॉबस्टर, कोलंबी, अख्खा मासा, भाजलेली कोंबडी. मधोमध बर्फाचं कोरलेलं विमान, दिव्यांखाली हळूहळू पाझरणारं. विमानाच्याच आकाराचा अंड्याचा केक. शाकाहारी मंडळींसाठी एक सॅलड होतं, त्यातही अंडं. आणि दारू इतक्या रंगांची की रंगपंचमी करता आली असती.

निमंत्रणावर इंग्रजीत लिहिलं होतं की काळा टाय लावून यावं. त्याचा खरा अर्थ काळा सूट आणि बो, हे मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी विचारणाऱ्यांना टाय लावा एवढंच सांगितलं होतं. भाऊसाहेब बदामी सफारीवर काळा टाय बांधून आले. म्हणजे टाय हातात घेऊन आले आणि दाराशी मी तो बांधला. गुरुजी रेशमी धोतरात आले, त्यांना टाय लावा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. पावणेआठपर्यंत हॉल भरला. परेरा साहेबांनी भाषण केलं, एकेकाला सोनेरी कार्ड दिलं, फोटो झाले. मग वेटरांनी झाकणं उचलली आणि वास सुटला.

कुणी हललं नाही.

प्रत्येकाच्या हातात ग्लास होता आणि प्रत्येक ग्लास भरलेला होता. परेरा साहेब एकेकाजवळ जाऊन घ्या ना म्हणत, तो माणूस हसून घेतो घेतो म्हणे आणि भिंतीकडे सरके. यजमानाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. मला वाटलं लाजतायत. मी भाऊसाहेबांना म्हटलं, तुम्ही सुरुवात करा म्हणजे बाकीचे येतील. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, ते समदं ऱ्हाऊ द्या. चंद्र उगवल्यावर मोदक हायेत ना?"

हळूहळू उलगडा झाला. ह्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की अंगारकीला जेवायला बोलावलंय म्हणजे उपास सोडायचंच जेवण असणार. एवढी मोठी कंपनी, तिला तिथी कळत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बर्फाचं विमान, शेवंड वगैरे मुंबईची सजावट असेल, खरं पान नंतर वाढतील, अशा भरवशावर नाशिकचे मानाचे प्रवासी सकाळपासून साबुदाण्यावर होते.

मी स्वयंपाकघराकडे पळाले. तिथला मुख्य आचारी शांतपणे ओट्याला टेकून उभा होता. त्याचा आणि त्याच्या निम्म्या माणसांचाही उपास. म्हणाला, फोनवर दोनदा विचारलं होतं बाई. त्याच्यामागे स्टाफसाठी वरणभाताची पातेली चढलेली होती, बटाट्याची भाजी होती आणि उकडीच्या मोदकांचं पीठ मळून ठेवलं होतं. मी हात जोडले. तो म्हणाला, चंद्राला वेळ आहे, वाढवतो. त्याची अट एकच, आमचं पातेलं त्या किड्यांशेजारी मांडायचं नाही. शेवंडांचा असा अपमान मुंबईत कुणी केला नसेल.

परत आले तर परेरा साहेब खांबाआड रुस्तमशेठना इंग्रजीत सांगत होते की ह्या गावाला आमच्यात रस नाही, साधं सूपसुद्धा कुणी चाखत नाही, साठा पुण्याच्या एजंटाला दिलेला बरा. रुस्तमशेठचा मोठा आवाज कुठंतरी गडप झाला होता. माझी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी उचलून पुण्याला नेत होतं. साहेबांशी मी तोवर गुड इव्हनिंगपलीकडे बोलले नव्हते.

"सर, हे रुसलेले नाहीत. उपाशी आहेत," मी म्हटलं.

सगळे? त्यांनी विचारलं. जवळजवळ सगळे. कधीपर्यंत? चंद्र दिसेपर्यंत. विमान कंपनीत जन्म घालवलेला माणूस, त्यांनी लगेच घड्याळ बघितलं आणि चंद्राच्या आगमनाची वेळ विचारली. आता ती मला कुठून ठाऊक असणार? मी गुरुजींकडे गेले. त्यांनी बसल्या जागी मिनिटासकट सांगितली आणि वर म्हणाले, "साहेबांना म्हणावं, हा लेट होत नसतो."

परेरा साहेब आधी लालबुंद झाले, मग इतके हसले की त्यांच्या सुटाची घडी पहिल्यांदा मोडली. त्यांनी माइकवर जाहीर केलं की जेवणाची वेळ बदलली आहे आणि सर्व मानाच्या प्रवाशांनी कृपया गच्चीवर जावं. पुढचा तासभर नाशिकचे कारखानदार, बागाईतदार आणि व्यापारी थंडीत शाली गुंडाळून, छातीवर टाय सोडून, गच्चीत उभे होते.

उपाशी माणूस फार खरं बोलतो. हॉलमध्ये गुळमुळीत हसणारी मंडळी गच्चीत सुटली. तुमच्या विमानात भाजी मागितली की उकडलेलं गाजर देता. तुमचा मुंबईचा फोन कुणी उचलत नाही. भाऊसाहेबांनी तर परेरा साहेबांची बाहीच धरली.

"साहेब, तुमच्या तिकिटाचं लय सोंग हाय. ह्या बाई एका तिकिटापायी मुंबईला जात्या, दिस मावळता येत्या. बाई नसत्या तर म्या दुबईला बैलगाडीनं गेलो असतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझं लक्ष पूर्वेकडे होतं. वेळ टळून गेली होती आणि चंद्राचा पत्ता नव्हता. आभाळ स्वच्छ. गुरुजी अस्वस्थ झाले, म्हणाले असं व्हायचं नाही. शेवटी त्यांनीच कारण शोधलं. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर कंपनीने हमरस्त्यावरून दिसावा म्हणून भला थोरला कापडी फलक ताणला होता, आकाशात झेपावणारं विमान आणि खाली कंपनीचं नाव. चंद्र केव्हाच येऊन त्या विमानाच्या मागे थांबला होता.

परेरा साहेबांनी क्षणभर विचार केला. मग वेटरांना हुकूम दिला, "उतरवा." कंपनीचा फलक कंपनीच्या मॅनेजरच्या देखत दोऱ्या कापल्या तसा खाली पडला आणि लालसर चंद्र समोर आला. लोकांनी हात जोडले. परेरा साहेबांनी छातीवर क्रूस काढला. रुस्तमशेठनी टोपी नीट केली. मी आपली हात मागे बांधून उभी होते, पण एवढं सांगते की त्या चंद्राला बघून त्या गच्चीत माझ्याइतकं बरं कुणालाच वाटलं नसेल.

खाली सोनेरी कार्डवाल्यांनी वरणभात आणि मोदक असे हाणले की आचाऱ्याला तिसऱ्यांदा उकड काढावी लागली. शेवंडांचा समाचार आम्ही तिघांनी घेतला. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला, मला तो झिंग्याचा गर्विष्ठ चुलता वाटला. निघताना परेरा साहेब म्हणाले, साठा नाशिकला देतो, पुस्तकं ह्या बाईंच्या सहीनेच निघतील. तिजोरीतला चिवडा दुसऱ्या दिवशी हलला.

मी तिथींचं कॅलेंडर विकत आणून काउंटरमागे लावलं. वडील एकदा ऑफिसात आले, ते बघून म्हणाले, मी घरातून काढलं ते तू इथं टांगलंस? मी म्हटलं, दादा, ही पूजा नाही, हे गिऱ्हाइकांचं टाइमटेबल आहे. आणि खरंच, वर्षभरात मला एकादशी, पर्युषण, रमजान, नवरोज सगळं तोंडपाठ झालं. कोण कधी काय खात नाही हे पाहून मी विमानातलं जेवण सांगायची. खंत एकच, हे करता करता माझंही काही असतं, हे सांगायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी मेजवानी पुन्हा ठरली. परेरा साहेब ह्या खेपेला मोठ्या तयारीनिशी आले होते. मे महिन्यातली तारीख त्यांनी स्वतः शोधली होती आणि ते फार खूष होते.

"पौर्णिमा आहे. चंद्र संध्याकाळीच येतो. सरकारी सुट्टी आहे, शिवाय त्या दिवशी कुणाचंच काही नसतं."

मी कॅलेंडरकडे बघितलंही नाही. "माझं असतं, सर. बुद्धपौर्णिमा आहे."

साहेब गोंधळले. रुस्तमशेठ हसत म्हणाले, अरे, तू काय पाहुणी आहेस, तुला कुठे जेवायचंय, दारात तर उभं राहायचंय. ते वाईट मनाने बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. हॉल ठरला होता, मुंबईला कळवून झालं होतं, तारीख हलली नाही. मी सांगितलं, मी येणार नाही. शेठ म्हणाले, मग नोकरीचं काय ते दुसऱ्या दिवशी बघू. कोऱ्या पुस्तकांवर सही माझी होती खरी, पण सहीचा माणूस बदलायला एक पत्र पुरलं असतं. त्या संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून कॉलनीतल्या विहारात गेले, वंदना केली, लोकांना खीर वाढली. मन काही पूर्ण लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात खीर घेऊन ऑफिसात गेले. शेठ आधीच येऊन बसले होते, एरवी अकराशिवाय न उगवणारा माणूस. मी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या खुर्चीत बसले. ते काही बोलणार तोच जिना चढून गुरुजी आले, नैरोबीच्या तिकिटासाठी.

"काय बाई, प्रकृती कशी आहे? काल शेठ म्हणाले, तुम्ही आजारी आहात."

मी शेठकडे बघितलं. ते तिजोरीकडे बघत होते.

"ठणठणीत आहे," मी म्हटलं. "काल आमचा सण होता. ही खीर त्याचीच, घ्या." आणि डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

हे मी का केलं, मला आजही नीट सांगता येत नाही. हा माणूस माझ्या हातातून तिकीटसुद्धा घेत नसे, टेबलावर ठेवा म्हणायचा. विमानात कोण कुठल्या हाताने काय वाढतं ते त्याला चालायचं, जमिनीवर चालायचं नाही. गुरुजींनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उपरणं सावरलं.

"आज माझा उपास आहे," ते म्हणाले.

"गुरुजी, आज वद्य प्रतिपदा," मी म्हटलं. "आज कसला उपास?"

उभ्या हयातीत गुरुजींना तिथी सांगायची वेळ कुणावर आली नसेल. खालचे हंडे वाजत होते. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले, आणि समोरची खुर्ची ओढून त्यांनी चमचा मागितला. चमचा मी टेबलावर ठेवत होते, त्यांनी तो माझ्या हातातूनच घेतला. साखर कमी पडली, वेलदोडा जुना आहे, असं म्हणत म्हणत त्यांनी डबा पुसून खाल्ला. मला फार आनंद झाला, आणि थोडा रागही आला, कारण वेलदोडा नवा होता.

गुरुजी गेले. नोकरीचं आता निघणार म्हणून मी पेन खाली ठेवलं. शेठनी रिकामा डबा उचलून आत बघितलं, तळाला बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही.

"कांबळे," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा मोठा डबा आण."